चार नंबरची सरळ रेघ

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं ठाऊक आहे. मी झोपेत काय बडबडतो, कुठल्या गिऱ्हाइकाचा फोन मुद्दाम उचलत नाही, कुणाच्या घरी जायचं म्हटलं की माझं डोकं दुखायला लागतं — सगळं. हे एवढं सोडून. आईलाही ठाऊक नाही, आणि लातूरच्या दुकानात माझ्यासोबत बसणाऱ्या भागीदारालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मधेच दुसरीकडं भरकटलो तर समजून घ्या की जीभ अडली.

आधी माझं काम सांगतो. — नाही, ही टाळाटाळ नाही. काम कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मी कारखान्यांत डबे बसवतो. तळहाताएवढा डबा, पॅनलमधल्या पट्टीवर खटकन बसतो. त्याला गेटवे म्हणतात. आमच्या भागातल्या डाळमिली घ्या, तेलगिरण्या घ्या, जिनिंग घ्या — सगळीकडं अशी मीटर असतात ज्यांना फक्त दोन तारांवरून बोलता येतं. हळू बोलतात, एका वेळी एकच जण बोलतो, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. दुसऱ्या बाजूला ऑफिसातला कॉम्प्युटर आणि मालकाचा मोबाईल. त्यांना ही जुनी बोली कळत नाही, त्यांना नेटवर्क लागतं. मग मधे माझा डबा. तो दोन तारांवर एकेकाला नंबरानं हाक मारतो — एक नंबर, तुझं तापमान किती? दोन नंबर, तुझं? — शाळेतल्या हजेरीसारखं. मिळालेलं उत्तर तो आपल्यापाशी ठेवतो आणि ऑफिसनं विचारलं की तिकडं देतो.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. ऑफिसचा कॉम्प्युटर मीटरला कधीच विचारत नाही. तो डब्याला विचारतो. डबा जे सांगेल ते खरं.

आणि एखाद्या मीटरनं हाकेला ओ दिलीच नाही तर? तर डब्यानं काय करायचं, हे बसवणारा ठरवतो. म्हणजे मी. सेटिंगमध्ये तसा रकाना असतो. एक तर आकडा पुसायचा — मग स्क्रीनवर लाल पट्टी येते, भोंगा वाजतो. नाहीतर शेवटचा जो आकडा हाती आला होता तोच दाखवत राहायचं. पोरगं शाळेत आलंच नाही तरी कालची हजेरी आज मांडायची, तसं. ही दुसरी सोय वाईट नाही. क्षणभर लाईन तुटली तर उगाच भोंगा नको, म्हणून दिलेली असते. पण क्षणभरच. त्यापुढं ती सोय राहत नाही, बेइमानी होते.

आता गंगाधरमामा.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. उमरीजवळ माझ्या आईचं माहेर, तिथं भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, म्हणून मामा. तरुणपणी ते अर्धापूरकडं केळीच्या वखारीत हमाल म्हणून लागले आणि पुढची सगळी हयात केळी पिकवण्यात गेली. जाड भिंगाचा चष्मा, वर केलेली पँट, अंगाला कायम पिकल्या केळीचा वास. मी डिप्लोमा पास झालो तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काय डिप्लोमा," म्हणायचे, आणि घरातला बंद पडलेला मिक्सर माझ्यापुढं आणून ठेवायचे. तो मला कधीच दुरुस्त करता आला नाही. त्यावरून ते अजून चिडवायचे. मला ते आवडायचे — हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं हे वाक्य माझ्या तोंडी शोभणार नाही.

नांदेडच्या बाहेर, अर्धापूर रस्त्याला एका मालकानं नवी वखार बांधली. जुन्या वखारी म्हणजे अंधाऱ्या खोल्या. ही नव्या पद्धतीची, जाड पत्र्याच्या थंड खोल्या, एका रांगेत सहा. हिरवी केळी क्रेटमधून आत जाते, दार लागतं, बाहेरचा कॉक उघडून पिकवायचा गॅस आत सोडतात, एक दिवस कोंडून ठेवतात. मग गॅस बाहेर काढायचा आणि खोली सतरा-अठरा अंशावर धरून ठेवायची. काही दिवसांत पिवळीधमक. सगळा खेळ तापमानाचा, कारण केळी पिकायला लागली की ती स्वतःच तापते. थंडावा थांबला तर बंद खोलीत आपल्याच उष्णतेनं उकडून निघते. हे मला मामांनीच शिकवलं होतं. मालकानं पिकवणीचा सगळा कारभार त्यांच्यावर सोपवला होता.

मालकाला सहाही खोल्यांचं तापमान मोबाईलवर पाहायचं होतं. ते करणारा माणूस शोधत होते तेव्हा मामांनी माझं नाव पुढं केलं. भाच्यासारखा हाय, लातूरला दुकान हाय, काम चोख करतो — असं म्हणाले म्हणे. हे मालकानंच मला पुढं कधीतरी सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

काम सोपं होतं. पण तारा ओढायच्या वेळी मी दुसऱ्या कामात अडकलो होतो, लातूरला. वखारीच्या वायरमनला फोनवर समजावून सांगितलं आणि विसरलो. त्यानं माझी दोन तारांची केबल कॉम्प्रेसरच्या मोटारीच्या जाड केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली. त्याला दोष देत नाही, तारा वेगळ्या न्यायच्या हे त्याला कुणी सांगितलं होतं? आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात — बोलायची तार आणि ताकदीची तार शेजारी नेऊ नका. मोटार सुरू झाली की बोलायच्या तारेवर गोंगाट होतो आणि मीटरचं बोलणं डब्याला ऐकू येत नाही. मी तिथं पोचलो तोवर वरचे पत्रे बसून पक्के झाले होते. नवी तार ओढायची तर ते उचकटावे लागणार होते.

आणि उद्घाटन दुसऱ्याच दिवशी. मांडव पडलेला, मोठे पाहुणे यायचे होते. मालक मोठ्या स्क्रीनपुढं उभे. एक नंबर हिरवा, दोन हिरवा, तीन हिरवा, चार — लाल. भोंगा. मग हिरवा. मग परत लाल. चार नंबरच्या तारेलाच गोंगाट सगळ्यात जास्त लागत होता. मालक चिडले नाहीत. हसूनच म्हणाले की पाहुण्यांपुढं हे असं पें पें करून राहिलं तर आमची चांगलीच शोभा होईल, बरं का माधवराव.

मी लॅपटॉप लावला, डब्याच्या सेटिंगमध्ये गेलो आणि तो रकाना बदलला. समोरचा चहा गार व्हायच्या आत झालं. लाल पट्टी गेली, भोंगा गप्प. आणि किती वेळ जुना आकडा धरायचा याची मर्यादाही मी घातली नाही, कायमचं ठेवलं. वेळ मारून नेली. उद्घाटन आटोपलं की येऊन वेगळी तार ओढू, असं स्वतःला सांगितलं. तेव्हा ते खरंही असावं.

नंतर गेलो का? गेलो की. मालकाच्या मोबाईलमध्ये काहीतरी अडलं म्हणून गेलो, पाचव्या खोलीचं मीटर बदलायला गेलो, एकदा नुसता मामांना भेटायला आणि केळी खायला गेलो. तार ओढायला नाही. सगळं हिरवं दिसत होतं. जे हिरवं दिसतं तिथं कोण हात घालतो?

हे एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. अर्धवट कामं आमच्या धंद्यात सगळेच सोडतात. पण मी अजून एक केलं.

मामांची एक रीत होती. रोज सकाळी आणि दिवस मावळायच्या आत ते प्रत्येक खोलीत शिरायचे. मधल्या थरातला एक क्रेट ओढायचे, त्यातल्या केळात लांब सुईचं थर्मामीटर खुपसायचे आणि चष्मा कपाळावर सारून आकडा बघायचे. हवा थंड असली तरी केळी आतून गरम असू शकते, म्हणायचे, म्हणून केळीलाच विचारायचं. मग ते केळ सोलून अर्धं खायचे आणि अर्धं जवळ जो असेल त्याच्या हातात द्यायचे. मालक यावर कुरकुरायचे. दार उघडलं की थंडावा जातो, लाईट जास्त जळते. एवढं मशीन बसवलं ते कशाला मग?

तर मी मालकांच्या समोर, त्यांना बरं वाटावं म्हणून, मामांना म्हणालो, "मामा, आता आत जायचं काम न्हाई. बाहेर बसून स्क्रीन बघत जा."

कुठल्या तोंडानं म्हणालो मी हे? चार नंबरचं मला ठाऊक होतं की. त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणू शकलो असतो, पण आठवलं होतं. डोक्यात येऊन गेलं, आणि मी जाऊ दिलं. मामा हसले. हाव बाबा, डिप्लोमावाला म्हणतो तर तसं, म्हणाले. आणि खरंच जायचे बंद झाले. त्यांना माझ्या शब्दाची किंमत होती.

पुढचं वर्ष. रमजान उन्हाच्या तोंडावर आलेला, केळीला मागणी, वखार भरलेली. मामांच्या पुतणीचं लग्न मुखेडला ठरलं होतं आणि त्यांनी सुट्टी मागून ठेवली होती. मी लातूरला एका डाळमिलीत काम करून राहिलो होतो, तर सकाळीच मालकाचा फोन. चार नंबरची खोली गेली. सगळीच्या सगळी. ये आणि तुझं मशीन काय म्हणतं ते बघ.

अहमदपूर, लोहा करत एसटीनं निघालो. पोचेपर्यंत मला काय सापडणार याची कल्पना नव्हती असं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. खिडकीशी बसून मी वाटेतल्या पाट्या वाचत होतो.

दुपार झाली होती. चार नंबरचं दार सताड उघडं, माणसं क्रेट बाहेर काढत होती. केळी बघवत नव्हती — सालीवर काळे-हिरवे डाग, आतून लगदा, फणी उचलली की केळं गळून खाली पडायची. आंबूस वास सुटला होता. मी ऑफिसात शिरलो आणि सगळ्यात आधी स्क्रीन पाहिला. चार नंबर — सतरा पॉइंट चार. हिरवा. खोलीचं दार सकाळपासून उघडं, बाहेर ऊन रणरणतं, आणि स्क्रीन म्हणतोय सतरा पॉइंट चार. तिथं जमलेल्या कुणालाच ते खटकलं नव्हतं.

जरा वर बघून येतो म्हणालो आणि एकटाच माळ्यावर गेलो. खोल्यांची मशीनं आणि त्यांची पॅनल तिथं वर आहेत. चार नंबरच्या पॅनलचा मेन खटका खाली पडलेला होता. कधी पडला, कशानं पडला, देव जाणे, उन्हाळ्यात पडतात. खटका पडला म्हणजे थंडाव्याचं मशीन बंद आणि तापमानाचं मीटरही बंद. मेलेलं मीटर हाकेला ओ कशी देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. माझ्या पोहऱ्यात येत होतं. दिवस-रात्र येत होतं, सतरा पॉइंट चार.

खाली कुणाला का कळलं नाही? वर सहा मशीनं एकदम गुरगुरत असतात, त्यांतलं एक गप्प झालं तर खाली ऐकू येत नाही. आणि दार उघडलं की खोलीतले पंखे तसेही आपोआप बंद होतात, त्यामुळं सकाळी दार उघडल्यावरही काही वेगळं वाटलं नाही. कळायची एकच सोय होती, ती मी बंद केली होती. मामांची सुई धरली तर दोन.

मी खटका वर केला. हलक्या हातानं, आवाज होऊ नये म्हणून. मीटर उजळलं, मशीन सुरू झालं. खाली स्क्रीनवरचा आकडा एकदम चढला असणार, पण दार उघडंच होतं, त्यामुळं चढलेला आकडा आता सगळ्यांना साहजिक वाटणार होता. हे सगळं मी त्या माळ्यावर उभ्या उभ्या जुळवलं. इतकं चटकन डोकं माझं कामात कधी चालत नाही.

खाली ऑफिसात मालक बसले होते. शेजारी धर्माबादकडचा एक व्यापारी, ज्याच्याकडं तो माल जायचा होता. मामा दाराशी उभे. व्यापारी म्हणत होता की हा वास पावडरचा आहे. पावडर म्हणजे कार्बाइड. त्याला बंदी आहे, पण कुणी कुणी घाईत माल पिकवायला चोरून वापरतात. केळीच्या धंद्यात कुणाला पावडरवाला म्हणणं म्हणजे त्याचं दुकानच उठवणं. आणि घाई कुणाला होती? मामांना. पुतणीचं लग्न होतं ना मुखेडला. माल लवकर उरकून निघायचं होतं, म्हणून पावडर टाकली — गणित बसत होतं.

मामा एकच सांगत होते की दार उघडलं तेव्हा तोंडावर गरम वाफ आली. खोली आतून तापली होती, मालक. थंडावाच नव्हता. मालकांनी नुसता स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला. कालपर्यंतच्या काही दिवसांचा आलेख होता. चार नंबरची रेघ सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. थंडावा नव्हता तर मग हे काय आहे, गंगाधरराव?

आता ऐका. खरं तापमान असं कधीच चालत नाही. मशीन सुरू होतं, तापमान उतरतं; बंद होतं, तापमान चढतं. करवतीच्या दातांसारखी रेघ येते. बाकीच्या पाच खोल्यांचे दात त्याच स्क्रीनवर स्पष्ट दिसत होते. एकट्या चार नंबरला दात नव्हते. इतकी सरळ रेघ म्हणजे तिथं कुणी जिवंतच नाही. हे कळणारा त्या ऑफिसात एकच माणूस होता.

मालक माझ्याकडं वळले. "माधवराव, तुम्ही सांगा. आकडा बरोबर हाय का न्हाई?"

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी म्हणणार नाही. मिळाला. मालकांनी ग्लासातलं पाणी पिऊन ग्लास टेबलावर ठेवला, तेवढा. मामा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर — हे मला नीट सांगता यायला पाहिजे — भीती नव्हती. आता सुटलो, असं होतं. आपलं माणूस आलं, आता तो सांगेल.

"बरोबर हाय, मालक," मी म्हणालो.

मला वाटलं होतं मामा माझ्यावर चिडतील. मी तयार होतो. त्यांनी म्हणायला पाहिजे होतं की तुझा डबा खोटा आहे, तूच मला आत जाऊ नको म्हणालास. म्हणाले असते तर कदाचित मी — नाही, ते जाऊ द्या. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. स्क्रीनवरच्या त्या रेघेकडं बराच वेळ बघितलं.

"माधव म्हणतो तर बरोबरच असंल," ते म्हणाले. "मंग माझंच काई तरी चुकलं असंल, मालक. गॅस जास्त गेला असंल. पावडर मात्र मी हातात धरली न्हाई."

माझं नाव घेतलं त्यांनी. डिप्लोमा नाही, माधव.

मालकांनी आवाज चढवला नाही. लग्न उरकून या, मग बघू, एवढंच म्हणाले. लग्नानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. व्यापारी गप्प बसणारा नव्हता आणि अर्धापूरपासून वसमतपर्यंत सगळ्या वखारी एकमेकांना ओळखतात. मामा दोन-तीन ठिकाणी विचारायला गेले. सगळ्यांनी चहा पाजला आणि सध्या माणूस नको म्हणून सांगितलं.

आणि मी? त्याच दिवशी निघण्याआधी डब्याची सेटिंग बदलून टाकली. त्याच महिन्यात पत्रे उचकटून वेगळी तार ओढली. मालकांना म्हणालो, पुन्हा असलं काही होऊ नये म्हणून जादा काळजी घेतोय. त्यांनी माझं कौतुक केलं, ओळखीच्या दोघांना माझं नाव सांगितलं. करून सवरून नामानिराळा कसं राहायचं ते माझ्याकडून शिकावं. तेव्हापासून मी जिथं जिथं डबा बसवतो तिथं लाईन तुटली की लाल पट्टी आणि भोंगा. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी बदलत नाही. माझा भागीदार म्हणतो, ह्या बाबतीत तू लई कडक आहेस. मी मान हलवतो.

का खोटं बोललो, विचाराल. भीती वाटली. ह्या भागात आमच्यासारख्यांचं काम जाहिरातीवर चालत नाही, एक मालक दुसऱ्याला सांगतो त्यावर चालतं. एक नाव गेलं की सगळं गेलं. हे मामांनाही तेवढंच लागू होतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. दोघांपैकी कुणाचं नाव जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर द्यायचं माझ्या हातात होतं.

मला लाज वाटते. रोज वाटते असं म्हटलं तर तेही खोटं होईल. रोज नाही वाटत. महिनेच्या महिने आठवणही येत नाही, जेवण जातं, झोप लागते. मग एखाद्या कारखान्यात कुठल्यातरी जुन्या स्क्रीनवर सरळ रेघ दिसते आणि कान तापतात.

एवढं सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, घाबरला बिचारा, एक शब्द खोटा बोलला. म्हणून उरलेलंही सांगतो. मुळात सांगायचं होतं ते हेच.

मागच्या वर्षी आईच्या माहेरी एकाची वास्तुशांती होती. आईला घेऊन गेलो. मामा भेटणार हे माहीत होतं, आणि आई सोबत होती म्हणून टाळता आलं नाही. ते आता उमरीत एका जिनिंगच्या फाटकावर असतात, हंगामात कापसाच्या गाड्या आत सोडतात. हंगाम नसला की घरी. हात केला, आईची चौकशी केली, माझ्या पोरांची नावं घेऊन विचारलं. जेवण व्हायचं होतं. मला बाजूला, मांडवाच्या कनातीपाशी घेऊन गेले.

"तू शिकलेला हायस," म्हणाले. "मला एकदा नेमकं सांग. माझं काय चुकलं त्या दिवशी?"

इतकी वर्षं ते हाच हिशेब मांडत बसले होते. गॅस किती सोडला, किती वेळ सोडला, दार कधी लावलं. सगळं मला परत सांगितलं, एकही गोष्ट न चुकता, आणि सगळं बरोबर होतं. कुठंच चूक नव्हती, आणि तीच त्यांना सापडत नव्हती. ते मला दोष देत नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

तिथं मालक नव्हते, व्यापारी नव्हता. काम जायचं नव्हतं. मांडवामागं आम्ही दोघंच होतो. आता तरी?

मी त्यांना समजावून सांगितलं. शांतपणे, हातानं दाखवून, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. म्हणालो, मामा, गॅसचा कॉक पूर्ण बंद झाला नसेल. दिसायला बंद दिसतो, पण थोडा थोडा गॅस आत जात राहतो. मग केळी प्रमाणाबाहेर पिकते आणि स्वतःच तापते. म्हणून तुम्हाला वाफ लागली. त्यांनी विचारलं, मग आकड्यात ते का नाही दिसलं? तर त्यालाही माझ्याकडं उत्तर होतं. म्हणालो, मीटर हवेचं तापमान सांगतं, केळीच्या आतलं नाही सांगत. हे त्यांचंच वाक्य होतं. मी ते त्यांना परत दिलं.

मामांनी कॉक आवळल्यासारखा हात हवेत फिरवून बघितला. मग मान हलवायला लागले. हाव, म्हणाले, तो कॉक जरा कडकच होता. माझ्याकडून राहिला असंल. त्यांचा चेहरा मोकळा झाला. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंस, लई दिवस डोक्यात किडा होता.

मग पंगत बसली. ते माझ्या समोरच्या ओळीत बसले होते. त्यांच्या शेजारी गावातलाच एक जण होता, ज्यानं कधीकाळी त्यांना पावडरवरून टोचलं असेल. त्याला मामा सांगत होते, मला इकडं ऐकू येत होतं. पावडर न्हाई बाबा, कॉक बंद करायचा राहिला माझ्याकडून. माधवनं आता समजावून सांगितलं. तो माणूस वरण ओतून घेत हं हं करत होता. मी खाली मान घालून जेवत राहिलो. भात संपवला, वाढप्याला नको म्हणून हात आडवा केला.

कॉक बंद होता. त्या दिवशी खटका वर करून माळ्यावरून उतरताना, दोष टाकायला दुसरं काही सापडतं का म्हणून, मी तो स्वतःच्या हातानं फिरवून पाहिला होता. मामांनी तो घट्ट आवळून ठेवला होता. माझ्याच्यानं हललासुद्धा नाही.